सोनोग्राफीने घोडी गाभडत नाही

दत्तजयंती जवळ आली आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची बोलणी सुरू झाली, की घोडेवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: घोडीची सोनोग्राफी करू नका, मशीनच्या किरणांनी ती गाभडते (गर्भ पडतो), गाभण आहे का हे माज थांबल्यावरून कळतंच, पाय सुजला तर एक्स-रे पुरे, आणि गर्भाची सोनोग्राफी तसाही गुन्हा आहे. चार वाक्यं, चारही चुकीची. खरी भीती वेगळीच आहे, आणि ती या मेसेजात नाही. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी किरणांचं बघू. किरण असतात ते एक्स-रेमध्ये. सोनोग्राफीत असतो आवाज. माणसाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. घोडीला लावतात त्या प्रोबचा, म्हणजे डॉक्टर हाताने फिरवतात त्या मशीनच्या टोकाचा, साधारण ५० ते ७५ लाख कंपनांचा. तो आत जातो, आपटून परत येतो, पडद्यावर चित्र उमटतं. १९८० साली फ्रान्समध्ये पामर आणि द्रियाँकूर यांनी घोडीवरचा हा प्रयोग प्रसिद्ध केला. आज चांगल्या स्टड फार्मवर ते रोजचं काम आहे.

मग ‘आमची घोडी तपासली आणि पंधरा दिवसांत रिकामी निघाली’ याचं काय? कावळा बसायला अन् फांदी मोडायला. धडधाकट घोड्यांतही शंभरातले पाच-दहा गर्भ पहिल्या काही आठवड्यांत आपोआप जिरतात, वय झालेल्या घोड्यांत याहून बरेच जास्त. पूर्वी ते कोणाला कळायचंच नाही. ‘फळली नाही’ म्हणायचं आणि पुन्हा घोडा दाखवायचा. आता गर्भ होता हे दिसतं, म्हणून गेलेलाही दिसतो.

उलट याच तपासणीने गाभडणं टळतं. बीज सुटल्यापासून चौदाव्या दिवशी करड्या पडद्यावर बोराएवढं काळं वर्तुळ दिसतं. डॉक्टर ‘आहे’ म्हणतात आणि तरी हात काढत नाहीत, प्रोब तसाच पुढे सरकवत राहतात, कारण दुसरं वर्तुळ सापडलं तर जुळी. घोडीची वार (गर्भाला पोसणारं आवरण) गर्भाशयाच्या सगळ्या अस्तराला चिकटते, त्यामुळे दोघांना जागा पुरत नाही. बहुतेक जुळी अर्ध्या वाटेवर किंवा त्याहून उशिरा पडतात, घोडीही धोक्यात येते. सोळाव्या दिवसापर्यंत ही वर्तुळं गर्भाशयात फिरत असतात, तेव्हाच एकाला बाजूला घेऊन दाबून फोडता येतं. नंतर ती जागा धरतात, आणि अनेकदा दोन्ही शेजारीशेजारी. कधी साधी पाण्याची गाठही गर्भासारखी दिसते. म्हणून दोन दिवसांनी पुन्हा बघायचं: गर्भ वाढतो, गाठ आहे तशीच राहते.

‘माज थांबला म्हणजे गाभण’ या समजुतीने बाजारात किती जणांचे पैसे बुडाले असतील! साधारण पस्तिसाव्या दिवसापासून घोडीच्या गर्भाशयात खास पेशींच्या वाट्या तयार होतात आणि एक हार्मोन रक्तात सोडतात. त्यानंतर गर्भ गेला तरी वाट्या काम करतच राहतात, आणि घोडी कित्येक आठवडे नीट माजावर येत नाही. त्यात सारंगखेडा भरतो थंडीत, तेव्हा अनेक घोड्या माज दाखवतच नाहीत. विकणारा खोटं बोलत असेल असंही नाही, त्यालाच माहीत नसतं.

कायद्याचं एका ओळीत सांगता येईल. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात ‘गर्भ’ या शब्दाची व्याख्याच मानवी जीव अशी आहे. घोडीचा त्यात संबंध नाही.

पायाचं मात्र गंभीर आहे. एक्स-रेत हाड दिसतं, नस, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर (टेंडन), दिसत नाही. गुडघ्याखाली मागच्या बाजूला नस फुगली, की पंधरा दिवसांच्या विश्रांतीने सूज उतरते, लंगडणं थांबतं आणि मालक पुन्हा जिन चढवतो. सोनोग्राफीत त्याच नसेच्या पांढुरक्या विणीत मधोमध काळं भोक दिसत असतं. ते भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तपासणी अगदी पहिल्याच दिवशी करून भागत नाही, आठवड्याने पुन्हा बघावी लागते, कारण इजा सुरुवातीला वाढत जाते.

आता ती खरी भीती. गर्भतपासणी गुदमार्गातून होते, आणि घोड्याचं आतडं गायीपेक्षा नाजूक असतं, ते फाटू शकतं. दोष आवाजाचा नाही, हाताचा. म्हणून डॉक्टर घोडीचा आणि रोज घोड्या तपासणारा हवा. घोडी खोड्यात, म्हणजे हलू न देणाऱ्या चौकटीत असावी, लीद आधी काढलेली असावी, वंगण भरपूर असावं आणि घोडी जोर करत असेल तर हात पुढे रेटायचा नाही. हातमोज्यावर रक्त दिसलं तर तपासणी तिथेच थांबवून लगेच उपचार सुरू करायचे, ‘थोडंसंच आहे’ म्हणून घोडी घरी न्यायची नाही.