आदिवासी दिनाबद्दलचा तो मेसेज खोटा आहे, आणि तो आता मुलांपर्यंत पोचलाय

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज टाकला, तेव्हा मी गप्प बसलो. वडीलधाऱ्यांशी वाद कशाला, असं वाटलं. ते चुकलंच. चार दिवसांनी शाळा सुटल्यावर नववीतली माझी एक विद्यार्थिनी आईला घेऊन आली आणि आईच्या मोबाइलवर तोच मेसेज माझ्यासमोर धरला. "सर, हें खरें?"

गोव्यातल्या सांगे तालुक्यातली, वेळीप या आदिवासी समाजातली मुलगी. भित्तिपत्रकासाठी तिने धालोंवर, म्हणजे बायकांच्या पारंपरिक नाच-गाण्यावर, निबंध दिला होता. पौषातली रात्र, सारवलेला मांड (धालो खेळायचं अंगण), हात गुंफून समोरासमोर उभ्या राहिलेल्या बायका, आणि आजी गाणं सुरू करते तेव्हा बाकीच्या कशा गप्प होतात, हे सगळं त्यात होतं. तो निबंध लावू नका, मला परत द्या, एवढं सांगायला ती आली होती.

मेसेजात थोडक्यात पाच गोष्टी आहेत. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन हे परदेशी कारस्थान आहे. संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी जाहीरनामा देश तोडायची मुभा देतो. वनहक्क कायद्याखाली दर आदिवासीला दहा एकर जंगल फुकट मिळतं आणि ते बिल्डरच्या घशात जातं. जंगल आणि वाघ याच लोकांनी संपवले. आणि शेवटची गोष्ट अशी, की कॅनडा-ऑस्ट्रेलियात सरकारने त्यांची मुलं उचलून शाळांत घातली, माणसात आणली, आपणही तेच करायला हवं.

पहिल्या दोन गोष्टींवर फार वेळ घालवायची गरज नाही. ९ ऑगस्ट १९८२ रोजी आदिवासी समूहांसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, तीच तारीख पुढे दिवस म्हणून ठरली. जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ ला १४४ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. विरोधात होते चारच देश: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. हे पाश्चात्त्यांचं कारस्थान असेल, तर हे चौघेच विरोधात का गेले? देश तोडण्याबद्दल म्हणाल, तर त्याचं शेवटचं, ४६वं कलम वाचा. कोणत्याही देशाची अखंडता मोडायला या जाहीरनाम्याचा आधार घेता येणार नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. हा जाहीरनामा कायद्यासारखा बंधनकारक नाही, आणि सगळेच भारतीय इथले मूळनिवासी आहेत अशी आपल्या सरकारची भूमिका आहे, एवढं मात्र खरं. मेसेजवाल्याला हेच म्हणायचं असतं तर चर्चा करता आली असती.

आता त्या शाळांबद्दल. मी शिक्षक आहे, आणि हा मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं.

कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभरहून अधिक वर्षं सरकार आणि चर्च मिळून आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवत होते. दीड लाखाच्या आसपास मुलं त्यांतून गेली. पोरांना घरापासून तोडायचं, केस कापायचे, नाव बदलायचं, स्वतःच्या भाषेत बोललं तर शिक्षा करायची, ही तिथली रीत. १९२० मध्ये तर मुलांना पाठवणं आईबापांवर कायद्यानेच सक्तीचं केलं. पीटर ब्राइस हे सरकारचेच वैद्यकीय अधिकारी. या शाळांतली मुलं क्षयाने मरताहेत, असा अहवाल त्यांनी १९०७ मध्ये दिला. तो बाजूला ठेवला गेला आणि शाळा चालूच राहिल्या. शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उलटत आलं. हजारो मुलं घरी परतलीच नाहीत. ११ जून २००८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीही, आईबापांपासून हिरावलेल्या पिढ्यांची माफी मागितली होती. २०१५ मध्ये कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाने हजारो माणसांच्या साक्षी ऐकून या सगळ्याला 'सांस्कृतिक वंशसंहार' हा शब्द वापरला. ज्या गोष्टीसाठी दोन देशांच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली, ती आपण आपल्या मुलांवर करायची?

आणि उचलून न नेताही हे होतं. त्या मुलीला कुणी हात लावला नव्हता. एक मेसेज वाचून तिला स्वतःच्या आजीच्या गाण्याची लाज वाटली. कॅनडातल्या शाळांना जे करायचं होतं, ते हेच.

उलटं उदाहरणही जगात आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषा म्हाताऱ्यांपुरती उरली होती. १९८२ मध्ये माओरी लोकांनी स्वतः बालवाड्या काढल्या. तिथे आज्या-आजोबा पोरांशी फक्त माओरीत बोलू लागले. पाच वर्षांत ती देशाची अधिकृत भाषा झाली. आमच्या शाळेत मी एखाद्या आजीला धालो म्हणायला बोलावलं, तर कुणाचं काय बिघडणार आहे?

दहा एकरांची गोष्ट सगळ्यात जास्त पसरली आहे, आणि तीच तपासायला सगळ्यात सोपी. २००६ चा वनहक्क कायदा मराठीतही मिळतो. तो कुणाला नवी जमीन देत नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी जमीन प्रत्यक्ष कसत किंवा राहत आहात, तेवढ्याच जमिनीवरचा हक्क तो मान्य करतो. चार हेक्टर, म्हणजे साधारण दहा एकर, ही कमाल मर्यादा आहे, वाटप नव्हे. कलम ४(४) म्हणतं की हा हक्क वारशाने जातो, पण विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. लग्न झालेलं असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवायचा. मग बिल्डर विकत घेणार काय? आणि आपल्याकडे डोंगर कापून ज्यांचे बंगले उभे राहताहेत, ते काय वेळीप-गावडे आहेत? आपल्या गावातल्या कुठल्याही डोंगरावर जाऊन बघा.

जंगल-वाघांच्या मुद्द्यात मात्र एक खरी जखम आहे, ती मी लपवणार नाही. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ विषप्रयोगाने मेले आणि त्यात गुरं पाळणाऱ्या स्थानिकांना अटक झाली. ते वाईटच होतं. पण त्यावरून अख्ख्या समाजाला वाघमारे ठरवायचं? जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला, आणि त्याच निकालात वनवासींचे दावे १२ महिन्यांत निकाली काढा असंही सांगितलं. न्यायालयाला दोन्ही एकत्र दिसलं. ओडिशात २०१३ मध्ये नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी का, असं सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला लावलं, तेव्हा डोंगरिया कोंधांच्या बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. इथे गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईत रानजायफळाचं दलदलीतलं दुर्मीळ जंगल टिकलंय, ते गावाने देवाची राय मानून कुऱ्हाड लावली नाही म्हणून.

मुलगी बोलत होती तोवर आई गप्प होती. निघताना तिने विचारलं, आमचा वनहक्काचा दावा अजून पडूनच आहे, घर सोडावं लागेल का?

नाही. कलम ४(५) वाचा: दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कुणालाही हटवता येत नाही. सांगे, केपे, काणकोण, सत्तरीत ज्यांचे दावे पडून आहेत त्यांनी हे वाक्य छापून घरात ठेवावं. गावातल्या जाणत्या माणसाचं लेखी निवेदन, जुनी विहीर, स्मशान, देवाचं ठिकाण, हे सगळं नियमांप्रमाणे पुरावा म्हणून चालतं. नकार आला तर तो कारणांसह लेखी मागा. वरच्या समितीकडे जायला ६० दिवस असतात, आणि ते मोजायला त्या कागदावरची तारीख लागते.