तो फॉरवर्ड वाचून बीगलला लसूण देऊ नका, हात जोडते

"बीगल पाळताय? या घरगुती टिप्स जपून ठेवा" असा एक मेसेज सध्या ठाणे-नवी मुंबईच्या सोसायटी ग्रुपवर फिरतोय. खाली "अनुभवी प्राणी-डॉक्टरांचा सल्ला" असं लिहिलंय, पण डॉक्टरांचं नाव नाही, दवाखाना नाही, काहीच नाही. पहिल्यांदा आला तेव्हा मी सोडून दिला. मग खारघरहून मावशीचा फोन आला आणि बोलता बोलता म्हणाली की पेढ्याला (त्यांचा बीगल जातीचा कुत्रा) गोचीड झालेत, म्हणून ती मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे रोज लसूण ठेचून दहीभातातून देतेय. मी ओरडलेच. तर म्हणते, "अगं लसूणच तर आहे, आपण रोज खातो, विष थोडीच आहे." कुत्र्यासाठी विषच आहे गं मावशी. कुत्र्याला जीव लावणारी माणसंच असल्या मेसेजला फसतात, आणि पुढे पाठवतातही तीच, म्हणून एकदा बसून मेसेजच्या एकेका ओळीला उत्तर लिहितेय.

"रोज दोन-तीन पाकळ्या लसूण द्या, रक्ताला वास येतो, गोचीड आपोआप गळून पडतात."

यावर सगळ्यात जास्त बोलणार, कारण जीव यानेच जाऊ शकतो. कांदा, कांद्याची पात, लसूण, या सगळ्यांत गंधकाची अशी संयुगं असतात जी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खराब करतात, मग त्या पेशी फुटायला लागतात आणि रक्त कमी होतं. आपल्याला ते झेपतं, कुत्र्या-मांजरांना झेपत नाही. मर्क व्हेटरनरी मॅन्युअल म्हणून जगभरचे व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) वापरतात तो ग्रंथ आहे, 1955 पासून निघतोय, ऑनलाइन फुकट वाचायला मिळतो. त्यात सरळ दिलंय की प्राण्याने स्वतःच्या वजनाच्या 0.5 टक्क्यापेक्षा जास्त कांदा एका वेळी खाल्ला की विषबाधा हमखास दिसते. आता हिशोब करा, 10 किलोच्या बीगलला 50 ग्रॅम, म्हणजे एक लहानसा कांदा फक्त. लसूण तर कांद्यापेक्षा 3 ते 5 पट जहाल धरतात. शिजवला, तळला, पावडर केली तरी त्यातलं विष जात नाही. आणि एकदम नाही, रोज थोडा थोडा दिला तरी पेशींची नासधूस चालूच राहते.

बरं, एवढं मान्य करते की आमटीतली एखादी पाकळी चाटली म्हणून कुत्रा मरत नाही, सगळं किती खाल्लं यावर असतं. पण मेसेज चुकून चाटण्याबद्दल बोलतच नाहीये, तो रोज औषध म्हणून द्यायला सांगतोय, तेही तीन आठवडे.

आणि मला खरा संताप कशाचा येतो ते सांगते. गोचीड झालेल्या कुत्र्याला आपल्याकडे टिक फिवर (गोचीड चावल्याने होणारा ताप) होण्याची भीती सगळ्यात मोठी. त्यातला एक प्रकार बबेसियाचा, हा जंतू कुत्र्याच्या तांबड्या पेशींमध्येच शिरतो आणि त्याच फोडतो. म्हणजे आजार ज्या पेशी मारतोय त्याच पेशी लसूणही मारतोय, आणि हा उपाय सांगितलाय कोणाला, तर ज्याच्या अंगावर गोचीड आहेत त्याच कुत्र्याला! हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी गडद तपकिरी झाली, कुत्रा खाईना, की मग व्हेटकडे पळायचं आणि तिथे त्यांना कळायलाही वेळ जाणार की रक्त बबेसियाने कमी झालं की लसणाने.

मावशी म्हणाली, काल-परवा दिला तेव्हा तर काही झालं नाही. लसणाचा परिणाम लगेच दिसतच नाही ना, पेशी फुटून अशक्तपणा यायला दोन-चार दिवस जातात. "काही झालं नाही" यावरच तर हा मेसेज जगतो.

गोचीडांसाठी खरंच काही करायचं तर व्हेटकडून वजनाप्रमाणे महिन्याची चघळायची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या. गोळी घेताना कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा, त्या गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2018 मध्ये फिट्सचा इशारा दिलाय आणि बीगलमध्ये फिट्सचा आजार मुळातच जास्त दिसतो. दुसरं म्हणजे आपल्याकडचा तपकिरी गोचीड घरातही वाढतो, मादी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत, सोफ्याखाली हजारो अंडी घालते, त्यामुळे नुसता कुत्रा साफ करून उपयोग नाही, अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि फटी साफ करा. पावसाळ्यात तर रोज फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात, काखेत हात फिरवून बघायचंच.

"ताप असेल तर आपली पॅरासिटामॉल अर्धी गोळी द्या." नाही. कुत्र्याचं यकृत त्याने निकामी होऊ शकतं, आणि मांजराला तर चुकूनही नको. आपली ब्रुफेनसारखी पेनकिलर तर त्याहून नको, पोटात अल्सर आणि किडनीचा त्रास. ताप मोजायचा, फोन करायचा, गोळी व्हेटने सांगितलेलीच.

"ताकदीसाठी रात्री भिजवलेले बेदाणे द्या." द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात, आणि किती खाल्ले तर सुरक्षित हे कोणी सांगू शकत नाही, एखादा कुत्रा खूप खाऊन धडधाकट राहतो आणि दुसरा थोड्यात जातो. पूजेच्या शिऱ्यातले बेदाणेही यात आले. प्रसाद हातावर देताना घरातल्या आजी-आजोबांना हे सांगून ठेवा.

"बीगलला पट्टा लागत नाही, नाकाने घर शोधून येतो."

हे वाचून मी दोन मिनिटं फोनकडे बघत बसले. यात अर्धं खरं आहे ते आधी सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको. बीगलचं नाक खरंच अफाट असतं. इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी टोळीने पळणारी जात म्हणून तो तयार केला गेला. 1950 च्या दशकात जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक एकरच्या शेतात उंदीर सोडून वेगवेगळ्या जातींचे कुत्रे पाठवले होते, बीगलने एका मिनिटाच्या आत शोधला, फॉक्स टेरियरला पंधरा मिनिटं लागली आणि स्कॉटिश टेरियरला सापडलाच नाही. अमेरिकेत 1984 पासून विमानतळावर सामानातली फळं आणि मांस हुंगायला बीगलच ठेवलेत, लॉस एंजलिसपासून सुरुवात झाली होती.

पण यातून काय सिद्ध होतं? उंदीर शोधतो, आंबा शोधतो. घर शोधून परत येतो हे कुठे आलं यात? उलट तो एकदा वासाच्या मागे लागला की नाक जमिनीला, आणि मग तुम्ही कितीही हाका मारा, त्याला काही ऐकूच येत नाही. मोकळ्या शेतात ते ठीक. इकडे समोर पाम बीच रोड आहे, घोडबंदर रोड आहे, डंपर आहेत, भरधाव गाड्या आहेत. येऊरला सकाळी कुत्रा मोकळा सोडणारी माणसं मी बघते, तिथे जंगलात बिबटे आहेत हे ठाण्यात लहान मुलालाही माहीत आहे. आणि पावसाने वासाचा माग धुतला गेला की तो ज्या रस्त्याने गेला त्या रस्त्याने परत कसा येणार? हार्नेस घाला, गळ्यात फोन नंबरचा टॅग, जमलं तर मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप). मोकळं पळवायचंच असेल तर चारी बाजूंनी कुंपण असलेली जागा बघा, नाहीतर लांब दोरी लावून पळवा.

"भुंकत असेल तर तोंडाला मुसकं बांधून ठेवा, दोन दिवसांत सवय जाते." बीगल भुंकतो, रडतो आणि शिकारी कुत्र्यासारखा लांब सूरही काढतो, शेजाऱ्यांना त्रास होतो हे मला मान्य आहे. पण कुत्रा अंग थंड करतो ते तोंड उघडून धापा टाकून. मे महिन्यातल्या ठाण्याच्या उकाड्यात तोंड करकचून बांधलेला कुत्रा उष्माघाताने जाऊ शकतो. फ्लॅटमध्ये दिवसभर एकटा ठेवल्यावर तो बोंबलणारच, त्याचं नाक रिकामं बसलेलं असतं ना. जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याचं खाणं लपवा, रिकाम्या खोक्यांत लपवा, शोधू दे. फिरायला नेल्यावर ओढत नेऊ नका, हुंगू दे त्याला पोटभर, त्याच्यासाठी तेच फिरणं. आणि भुंकतो म्हणून सोसायटी कुत्रा काढून टाका म्हणाली, किंवा लिफ्ट बंद केली, तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची 2015 ची गाइडलाइन दाखवा, पाळीव कुत्र्यावर अशी बंदी घालता येत नाही.

बाकीचं पटकन. "लहान कुत्रा, गेटपर्यंत दोन फेऱ्या पुरतात": वन बीएचकेत मावतो हे खरं, पण फिरणं रोज निदान तासभर हवंच. "सारखा मागतो म्हणजे भुकेला आहे": बीगल कधीच पुरे म्हणत नाही, तो मागेल तेवढं दिलंत तर वजन वाढतं आणि मग मणक्याच्या गादीचा त्रास, तो या जातीत आधीच होतो. वाटीने मोजून द्या, पोळीचा तुकडा त्यातूनच वजा करा. "कानात रोज खोबरेल तेल": लोंबत्या कानात मुळात हवा कमी, त्यात आपला दमटपणा, वर तेल टाकलं की बुरशीला आयतं रान. अंघोळीनंतर कान कोरडे करा, आठवड्याला वास घेऊन बघा, आंबट वास आला किंवा सारखं डोकं झटकत असेल तर दाखवून आणा. "मुलांशी चांगला असतो": हो, हे बरोबर आहे, एवढी एकच ओळ धड आहे त्यात.

आता ज्यांनी लसूण देऊन झालाय त्यांच्यासाठी. आजच बंद करा. किती पाकळ्या, किती दिवस, कुत्र्याचं वजन किती, हे कागदावर लिहा. वरचा ओठ उचलून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात. तो ठीक दिसत असला तरी व्हेटला फोन करून हे सगळं सांगा, सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करून घ्या आणि गोचीड होते म्हणून ब्लड स्मिअरसुद्धा (रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघून जंतू शोधतात ती तपासणी) मागा. लाजेने लसूण लपवू नका, डॉक्टर ओरडले तर ओरडू देत, त्यांना कळलं नाही तर ते फक्त टिक फिवर समजून उपचार करत बसतील. उलटी करवायला मीठ-पाणी वगैरे अजिबात पाजू नका. हिरड्या फिक्या असतील, दम लागत असेल किंवा लघवीचा रंग बदलला असेल तर फोनवर बोलत बसू नका, गाडी काढा.