पहिला नंबर

शाळेत माझा पहिला नंबर कधी आला नाही. तो आला थेट कामाच्या सर्व्हरवर, 'टॉप'च्या यादीत, म्हणजे कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते दाखवणाऱ्या कमांडच्या.

आम्हा नऊजणांत मिळून हा एक सर्व्हर. १६ कोअर (एकाच वेळी राबणारे सोळा प्रोसेसर म्हणा), ६४ जीबी रॅम. माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, अगदी गरीब स्वभावाची: लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, फाइली वाचायच्या, मोजदाद करायची आणि गप्प बसायचं. दुपारी ती सुरू करून दिली आणि विसरलो.

संध्याकाळी सर्व्हर रांगायला लागला. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत पुढचं कोणतं हेच आठवेना. ग्रुपवर पहिला मेसेज माझाच: "कोणी काय चालवलंय? जरा भान ठेवा."

मग 'टॉप' उघडलं. पहिल्या ओळीत माझं नाव, सीपीयू ७९८ टक्के. शंभरातले ७९८? मशीनच बिघडलंय, असं ठरवून मोकळा होणार होतो, तेवढ्यात आठवलं की इथे प्रत्येक कोअरचे शंभर वेगळे धरतात. आणि आठ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम करणारे आठ हात, स्क्रिप्टला मीच मोठ्या मनाने दिले होते.

लोड ॲव्हरेज म्हणजे चालू असलेल्या आणि रांगेत थांबलेल्या कामांची सरासरी. तिचे तीन आकडे एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे. सर्व्हरचे होते ३१, २२, ९. म्हणजे पाऊल उतरणीला नव्हतं. निम्मे कोअर मोकळे आणि लोड ३१ कसा? तर लिनक्स, म्हणजे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम, डिस्कसाठी ताटकळणाऱ्यांनाही त्यात मोजतं. रॅम संपत आल्यामुळे सगळं स्वॅपवर, म्हणजे रॅमला पुरवणी म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेवर, येऊन तुंबलं होतं.

रॅमची माझी एक जुनी जखम आहे. 'फ्री' फक्त १ जीबी दिसली म्हणून मी एकदा बोंब ठोकली होती. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी सांगितलं, "बाकीची कॅशला, फाइली हाताशी ठेवायला, दिलेली असते रे, लागली की परत मिळते. 'अव्हेलेबल' बघ." त्या अपमानानंतर मी रॅमकडे बघणंच सोडलं.

आता बघितलं. माझ्या स्क्रिप्टची १७.६ जीबी. तीन सेकंदांनी १७.८. मग १८.१. वाचलेली प्रत्येक ओळ मी एका लिस्टमध्ये, म्हणजे रॅममध्येच, साठवत होतो. पुढे लागेल म्हणून. कशाला लागणार होती, देव जाणे.

घाईघाईने 'रिनाइस' करून, म्हणजे स्क्रिप्टचा अग्रक्रम खाली आणून, नाइस १९ दिला. नाइस उणे २० ते १९ असतो. आकडा जितका मोठा तितका प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, सज्जन. साध्या युजरला सज्जनपणा वाढवता येतो, कमी करता येत नाही. पण ही सज्जनता फक्त सीपीयूपुरती. रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं, बाकावर मात्र आडवं पडून राहायचं, तसं.

आणि सर्व्हर एकदम हलका झाला. माझी स्क्रिप्ट पळायला लागली, दहा मिनिटांत संपलीसुद्धा, आकडेही बरोबर. नाइसचा गुण आला म्हणून मी खूश.

"माझा जॉब कोणी मारला?" शेजारून ताई.

कोणी नाही, कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने. रॅम आणि स्वॅप दोन्ही संपले की त्याचा ओओएम ('आउट ऑफ मेमरी') किलर उठतो आणि साधारणपणे सर्वात जाड प्रोसेस उचलतो. दोष कोणाचा, हे तो विचारत नाही. ताईंचा जॉब परवापासून ४० जीबी धरून शांतपणे चालला होता. माझे जेमतेम १८.

"असं होतं कधीकधी," मी म्हणालो.

पण मारण्याआधी कर्नल लॉगमध्ये हजर असलेल्या सगळ्यांचा तक्ता लिहून ठेवतो, कोणी किती रॅम धरली होती त्यासकट. ताई तो वर सरकवत होत्या. त्यात युजरचं नाव नसतं, नुसता नंबर असतो.

"१००७ कोण रे?"