शिबिरानंतरच्या औषधांचे काय?

कोकण किनाऱ्यावरील मुस्लिम डॉक्टरांच्या मोफत शिबिरांमुळे शासकीय आरोग्यसेवेतील उणीव भरून निघते, हे लेखातील विधान मला पटले नाही. दापोली तालुक्यातील आमच्या गावात रमजानपूर्वी होणाऱ्या शिबिरात सहरी (रोजापूर्वीचे पहाटेचे खाणे) आणि इफ्तारच्या (सायंकाळी रोजा सोडण्याच्या) वेळा पाहून मधुमेहाच्या गोळ्या बदलून दिल्या जातात, कोणत्या रुग्णांनी रोजा धरू नये हेही स्पष्ट सांगितले जाते, आणि हे सांगणारा डॉक्टर आपल्यातला असल्यामुळे लोक ते ऐकतात. (कर्ते पुरुष आखातात असल्याने येतात त्या बहुधा स्त्रिया आणि वृद्धच.) मात्र ज्यांचा मधुमेह किंवा रक्तदाब तेथे प्रथमच लक्षात येतो, त्यांनी पुढे दरमहा औषधे कोठून आणावीत, याचे उत्तर शिबिराकडे नसते.

म्हणूनच या डॉक्टरांच्या आरोग्यसुधारणेच्या मागण्या लेखात एका वाक्यात उरकायला नको होत्या. डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष कागदावर आहेच. प्रश्न तेथे डॉक्टर आणि औषधे असण्याचा आहे. स्थानिक डॉक्टर काय करू शकतो याचे उदाहरण कोकणातच आहे: महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि कट प्रॅक्टिसविरुद्धही (रुग्ण पाठवण्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेण्याविरुद्धही) ते उघडपणे बोलले. आमच्या डॉक्टरांनीही शिबिरांतील नोंदी, रुग्णांची नावे वगळून, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागापुढे ठेवाव्यात आणि मधुमेह-रक्तदाबाची औषधे आरोग्य उपकेंद्रातच नियमित मिळावीत असा लेखी आग्रह धरावा; त्यावर सह्या करायला सर्व वाड्यांतील माणसे पुढे येतील.