जुने आयरिश पाइपर संथच वाजवायचे, हे खरं नाही

‘आयर्लंडमधले जुने पाइपर संथ वाजवायचे, वेगाचं वेड अलीकडचं,’ असं सध्या छातीठोकपणे सांगितलं जातंय. ते साफ चूक आहे. जॉनी डोरन जत्राजत्रांतून इलियन पाइप (काखेतल्या पिशवीत कोपराच्या भात्याने हवा भरून वाजवायचं आयरिश वाद्य) वाजवत फिरायचे. त्यांचं १९४७ मधलं ध्वनिमुद्रण ऐका. रील, म्हणजे नाचाची धून, नुसती धो धो वाहते. त्याआधी अमेरिकेत पाइपर पॅट्सी टूही (मृत्यू १९२३) यांनी मेणाच्या सिलिंडरवर वाजवून ठेवलंय. चँटरचं, म्हणजे सूर काढायच्या भोकांच्या नळीचं, टोक मांडीवर दाबून सगळी भोकं झाकली की सूर तिथल्या तिथे तुटतो. त्यातूनच टूही तीन-तीन सुरांचे लखलखीत तुकडे काढायचे, तेही चढ्या लयीत. संथ वादन होतंच, पण मुख्यतः ‘स्लो एअर’मध्ये, म्हणजे नाचासाठी नसलेल्या संथ धुनांमध्ये. रील-जिग मुळात नाचासाठीच्या. आज कुणाला संथ रील आवडत असेल तर खुशाल वाजवावी, पण त्यासाठी डोरन-टूहींना संथ ठरवू नये.