गाडी आत येऊ द्या, आरपार नको

मुंबईतल्या आमच्या पार्ले पूर्वेच्या आतल्या गल्ल्यांमधून गाड्यांची आरपार ये-जा बंद करावी, असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं आणि मेंटेनन्स दुप्पट करा म्हटल्यासारखी सगळ्यांची तोंडं झाली. "मग आम्ही गाड्या काय डोक्यावर घेऊन फिरायचं?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी बंद करा असं मी म्हणतच नाहीये. रहिवाशांची गाडी, पाहुण्यांची रिक्षा, सिलिंडरचा टेम्पो, कुरियरवाला, सगळ्यांनी खुशाल यावं. ज्याचं आमच्या गल्लीत काडीचं काम नाही, ज्याला फक्त हायवेवरचा सिग्नल चुकवायचाय, त्याने येऊ नये. एवढंच.

संध्याकाळी हायवे तुंबला की गूगल मॅप गाड्या आत वळवतो. दोन्ही बाजूंना पार्किंग, मधल्या पट्ट्यात समोरासमोर दोन एसयूव्ही, रिव्हर्स कुणीच घेत नाही, मागच्या रिक्षावाल्याचा अंगठा हॉर्नवरून हलत नाही. फुटपाथवर स्कूटर आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक. मग भाजी घेऊन निघालेल्या आजी रस्त्यावरूनच चालणार ना? एका हातात पिशवी, दुसरा हात उभ्या गाड्यांच्या बोनेटवर टेकवत टेकवत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला आणि ती गर्दी आपल्या कॅप्टन गोरे पुलाकडे वळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, तेव्हा त्याला जोडायच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी उंची जुळेना म्हणून अख्खी मुंबई हसली. मे २०२५ मध्ये पूर्ण पूल खुला झाला. पण एकदा आतली वाट सापडलेली माणसं परत जातात थोडीच!

त्यात रिडेव्हलपमेंट. जुन्या तीन मजली इमारतीत मोजक्याच गाड्या होत्या. आता नियमानुसार पार्किंग द्यावंच लागतं, म्हणून पोडियम (खालच्या मजल्यांवरचं पार्किंग), स्टॅक (एकावर एक गाड्या), कार लिफ्ट सगळं आलं. गाड्या ठेवायची सोय झाली, पण त्या बाहेर पडणार त्याच आजोबांच्या काळातल्या रुंदीच्या रस्त्यावर. याचा हिशोब कुठल्याच प्लॅनमध्ये दिसत नाही.

बेल्जियममधल्या घेंट शहराने एप्रिल २०१७ मध्ये काय केलं बघा. रिंग रोडच्या आतल्या भागाचे सहा विभाग पाडले. एका विभागातून दुसऱ्यात गाडीने जायचं तर बाहेर रिंग रोडवर या आणि वळसा घ्या. चालणाऱ्याला, सायकलला, बसला थेट वाट. ना नवा उड्डाणपूल, ना रस्ता रुंदीकरण. आपल्याकडे कायद्याची अडचण आहे असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये वाहतुकीवर निर्बंध घालायची तरतूद आहे, आणि गणपतीत कितीतरी रस्ते बंद होतातच.

हायवेवरचा भार वाढेल का? सुरुवातीला वाढेल, खोटं कशाला बोलू. पण मोठ्या रस्त्याची गर्दी मोठ्या रस्त्यावरच असावी. अँब्युलन्स, फायर ब्रिगेड? कुलूप काढून आडवे करता येणारे खांब मिळतात. आज त्या दोन एसयूव्हींच्या मागे अँब्युलन्स अडकते, त्यावर मात्र कुणी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही: सोसायट्यांनी मिळून गल्लीला गेट लावायचं आणि वॉचमन बसवायचा. रस्ता सगळ्यांचा आहे. कोळीण, भाजीवाला, शाळेतली मुलं, कामाला येणाऱ्या मावशी, कुणालाही "कुणाकडे जायचंय?" असं विचारायचा आपल्याला हक्क नाही. अडवायचं ते फक्त आरपार जाणाऱ्या मोटारीला.

रविवारी सकाळी रस्ता गाड्यांना बंद ठेवायचे उत्सवही झाले की. २०१४ मध्ये वांद्र्याला इक्वल स्ट्रीट्स, २०२२ मध्ये मरीन ड्राइव्हला संडे स्ट्रीट्स. झुंबा, स्केटिंग, सेल्फी, मजा आली. पण मुलं शाळेत जातात ती सोमवारी सकाळी.

माझ्याकडेही गाडी आहे, मलाही वळसा पडणार आहे. तरी म्हणतो, तीन महिने प्लास्टिकचे बोलार्ड, म्हणजे गाडी अडवणारे खांब, लावून बघा, नाही जमलं तर उचलून न्या. फक्त सुरुवात स्टेशनजवळच्या मार्केटपासून नको. तिथल्या टेम्पो-हातगाड्यांचं गणित वेगळं आहे, पहिल्याच आठवड्यात बोंब होईल आणि सगळंच गुंडाळलं जाईल. आधी हनुमान रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्या घ्या. वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलिसांसाठी पत्राचा मसुदा लिहितोय, सही करायची असेल त्यांनी मेसेज करा.