‘एनर्जी’तला तो ‘ज’

दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येणारा मेसेज परवा काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला. म्हणे ‘एनर्जी’ हा आपल्या ‘ऊर्जा’चा अपभ्रंश, ग्रीकांनी उचललेला आणि इंग्रजांनी बिघडवलेला. वेदांत ऊर्जा आहे, म्हणजे आजचं ऊर्जाविज्ञानही तिथं होतं. आणि ऊर्जा म्हणजेच शक्ती. काकांचा मान राखून लिहितो.

ही सगळी इमारत ‘र्जा’ आणि ‘र्जी’ यांच्या साम्यावर उभी आहे, आणि नेमका तो ‘ज’च उपरा. मूळ ग्रीक शब्द ‘एनेर्गेइया’, खणखणीत ‘ग’चा. लॅटिन, फ्रेंच असं करत तो सोळाव्या शतकात इंग्रजीत पोचला. ‘ग’चा ‘ज’ झाला तो या वाटेवर. ॲरिस्टॉटल हा शब्द वापरायचा तो प्रत्यक्ष कार्यरत असण्यासाठी: ‘एन’ म्हणजे आत, ‘एर्गॉन’ म्हणजे काम. या ‘एर्गॉन’च्या तोंडाशी पूर्वी ‘व’ होता, ‘वेर्गॉन’. तो परत लावला की इंग्रजी ‘वर्क’ लगेच ओळखू येतो. हिंदी-उर्दूत व्यायामाला ‘वर्जिश’ म्हणतात ना, तो फारसी शब्दही याच कुळातला. म्हणजे एनर्जीची चुलत बहीण शोधायचीच तर ती आखाड्यात सापडते. ‘ऊर्ज्’ची सोयरीक अभ्यासक सहसा ‘ऑर्गे’ या वेगळ्याच ग्रीक शब्दाशी जुळवतात. त्याचा अर्थ मनाची उसळी, राग.

वेदांत शब्द आहे, त्यावर वादच नाही. संध्येत मार्जनाच्या वेळी ‘आपो हि ष्ठा मयोभुवस्ता न ऊर्जे दधातन’ म्हणतात ते पाण्याला उद्देशून. सप्तपदीत पहिलं पाऊल ‘इषे’, अन्नासाठी, दुसरं ‘ऊर्जे’. अन्नपाण्यातून अंगी येणारा रस, बळ, टवटवी असा तो अर्थ आहे. कार्तिकालाही ‘ऊर्ज’ म्हणत. गुरुजी दुसऱ्या पावलाला नवरानवरीला ज्यूल, म्हणजे ऊर्जा मोजायची विज्ञानातली एककं, वाटत नसतात!

भौतिकशास्त्रातला अर्थ ॲरिस्टॉटलच्याही गावी नव्हता. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी 1807 साली छापलेल्या व्याख्यानांत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याला ‘एनर्जी’ म्हटलं. त्याचं निम्मं करायचं हे पुढे ठरलं. त्या अर्थासाठी आपण जुना ‘ऊर्जा’ कामाला लावला, आणि निवड झकास केली.

‘ऊर्जा म्हणजेच शक्ती’ हे खोडायला घरातलं वीजबिल पुरे. मंजूर भार किलोवॅटमध्ये असतो, वापर युनिटमध्ये. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट पडतं, म्हणजे 36 लाख ज्यूल. किलोवॅट ही शक्ती, म्हणजे ऊर्जा वापरण्याचा वेग; युनिट ही ऊर्जा.

काकांनी यावर अंगठा पाठवला आणि पाठोपाठ नवा मेसेज: ‘नॅव्हिगेशन’ म्हणजे ‘नवगती’. त्यात निदान आपली ‘नौ’ आणि लॅटिन ‘नाविस’ ही सख्खी भावंडं आहेत.